निर्गुडीचं राहून गेलेलं न्हाणं

मी शाळेत जीवशास्त्र शिकवते. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढे कुणी "अहो, तुमच्यासारख्या शिकलेल्या बाईने..." असं सुरू करायला नको. ते वाक्य मी या उन्हाळ्यात इतक्यांदा ऐकलंय की पहिल्या दोन शब्दांनाच माझं डोकं फिरतं. शिकलेल्या बाईला कंबर नसते का? शिकलेल्या बाईची लेक बाळंत होत नाही का? बाळंतिणीला निर्गुडीचा पाला उकळलेल्या पाण्याने न्हाऊ घालायचं असतं आणि माझ्या लेकीला मी तसं न्हाऊ घालणार होते. माझं म्हणणं एवढंच होतं. त्यावरून आमच्या बहारीनमधल्या, उम्म अल हस्समच्या फ्लॅटमध्ये महाभारत झालं.

लेक बहारीनमध्येच जन्मली, ईसा टाउनच्या शाळेत शिकली, इथेच नोकरीला लागली आणि इथल्याच एका पुणेकर मुलाशी लग्न करून आमच्यापासून वीस मिनिटांवर राहायला गेली. मराठी तिला सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीत येतं. पहिलं बाळंतपण माहेरी, हा एकच रिवाज तिने वाद न घालता मानला. जावयाला डायपर बदलता येतो, पण वरणभात करता येत नाही, हे त्याचं खरं कारण. भर जुलैत, चार दिवसांच्या मुलीला घेऊन ती आमच्याकडे आली. मला शाळेची सुट्टी होती. पुढचे चाळीस दिवस माझे, असं मी मनाशी धरून चालले होते.

माझं माहेर पेणच्या बाजूचं. आमच्या परसाला निर्गुडीचं कुंपण होतं. गुरं तिला तोंड लावत नाहीत, म्हणून ती कुंपणाला बरी, एवढंच आम्हा मुलांना तिच्याबद्दल ठाऊक. एका देठाला पाच पानं, वरून हिरवी, खालून राखाडी, आणि चुरडली की नाकात शिरणारा उग्र, कडवट वास. माझ्या आईच्या हातात मात्र हीच निर्गुडी शंभर कामांना यायची. कुणाचा पाय मुरगळला की पाला तव्यावर गरम करून ती फडक्याने बांधायची. सर्दी झाली की त्याचाच वाफारा. डोकं धरलं की वाळका पाला भरलेली उशी. तांदळात किडे होऊ नयेत म्हणून डब्याच्या तळाशी चार डहाळ्या. आणि आळीत कुणी बाळंत झाली की आमच्या कुंपणाची निम्मी निर्गुडी छाटली जायची. आई तो पाला हंड्यात घालून पाणी काळपट होईपर्यंत उकळायची, त्यात विसणाचं गार पाणी घालायची, बाळंतिणीला पाटावर बसवायची आणि तांब्या तांब्याने ते पाणी तिच्या कमरेवर सोडायची. मी न्हाणीच्या दारामागून बघत असायचे. बाळंतीण डोळे मिटून "आई गं" म्हणायची. ते दुखल्याचं नसायचं, एवढं मला लहानपणीही कळायचं.

आता यात पाल्याचा गुण किती आणि गरम पाण्याचा किती, असं विचाराल तर मी शपथेवर काही सांगणार नाही. पुरावा हातात नसेल तर छातीठोकपणे बोलू नका, हे मी वर्गात मुलांना शिकवते आणि स्वतःही पाळते. निर्गुडीने सगळे रोग बरे होतात म्हणणाऱ्या फॉरवर्डवाल्या बायकांशीही माझं पटत नाही. पण नऊ महिने ओझं वाहिलेल्या बाईच्या कमरेवर दुसऱ्या बाईने निवांत गरम पाणी घालावं, याला कसला पुरावा हवा? त्यासाठी कुणाची परवानगी काढायला मी जाणार नाही.

प्रश्न पाल्याचा होता. आमच्या घरापासून जवळच्या एका बागेला खालून जांभळ्या पानांचं कुंपण आहे. पान चुरडलं तर वास जवळपास तोच. क्षणभर मला परसात उभी असल्यासारखं वाटलं. मग पानं मोजली. तीन. ही निर्गुडीची चुलत बहीण, निर्गुडी नव्हे. वास मिळता आहे म्हणून अनोळखी झाड लेकीच्या अंगावर घालण्याइतकी मी वेडी नाही. मी पान खिशात टाकलं आणि गाडी जिदहफ्सकडे वळवली.

जिदहफ्सच्या बाजारात रायगडच्या एका मुसलमान कुटुंबाचं कापडाचं दुकान आहे. दुकानात मालकाची बायको बसते. तिचं माहेर माझ्या माहेरापासून दोन डोंगरांपलीकडे, त्यामुळे आमचं नातं कापडाच्या पलीकडचं आहे. मी नुसतं "लेक बाळंत झाली" म्हटलं तर तिने काउंटरवरचा तागा बाजूला सारला.

"निर्गुडी पायजे ना? बाय, ताजा पाला हितं कुठशी मिलल? सुका हाय माज्याकडं, सुनेच्या वक्ताला आनला व्हता." दुसऱ्या दिवशी तिने घरून पिशवी आणून ठेवली. देताना मला दम भरला, "कमरेवर घाल हां, टाक्यांवर नको. आनि पानी उकलताना झाकन ठेव."

इथवर सगळं सुरळीत होतं. घोळ मी घातला. तो कुणावर ढकलणार नाही.

माझ्या आईच्या पद्धतीत न्हाण्यानंतर शेक-शेगडी येते. निखाऱ्यांवर ओवा, बाळंतशेपा, लसणाच्या साली टाकायच्या, खोली धुरी देऊन घ्यायची, बाळाचे कपडे त्या धुरावर धरायचे. मी ठरवलं, आज धुरीपासून सुरुवात करू आणि उद्यापासून पाणी. शेगडी कुठून आणणार? पण इथे घराघरात बखूर, म्हणजे अरबी सुगंधी धूप, जाळायचं धुपाटणं असतं, तसं माझ्याकडेही आहे. त्यात निखारे घातले. बाळंतिणीला आणि बाळाला वारा लागू नये म्हणून खिडक्या घट्ट लावून घेतल्या, दाराखालच्या फटीत टॉवेल कोंबला. लेक बाळाला घेऊन बाहेरच्या खोलीत बसली होती. सकाळचे दहा वाजले होते. मूठभर ओवा आणि साली टाकल्या. काय सुंदर धूर आला! माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते नुसतं धुराचं नव्हतं.

छतावरची ती धूर लागला की वाजणारी पांढरी गोल डबी मी कित्येक वर्षं बघते आहे. ती कशासाठी आहे हे मला माहीत आहे. शाळेत दर वर्षी कवायत घेताना मी स्वतः मुलांना रांगेने मैदानात नेते. पण त्या घटकेला मी पेणला होते.

घंटा एकट्या आमच्या घरात वाजली नाही, अख्ख्या इमारतीत वाजली. पाच मिनिटांत सगळे बिऱ्हाडकरू खाली पार्किंगमध्ये. बहारीनचा जुलै म्हणजे काय ते ज्याने भोगलंय त्यालाच ठाऊक. सकाळी दहालासुद्धा चपलेतून पाय भाजतात. गाऊनवर ओढणी घेतलेली माझी लेक आठ दिवसांच्या बाळाला छातीशी धरून गाड्यांच्या सावलीत उभी होती. ज्या बाळंतिणीला वाऱ्याची झुळूक लागू नये म्हणून मी फटी बुजवल्या, तिला मी भर उन्हात उभी केली होती. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं होतं. तोंडाने मात्र मी हार मानली नाही.

इमारतीचा केअरटेकर धावत वर जाऊन आला आणि माझ्यासमोर हात नाचवायला लागला. "मॅडम, अंदर धुआँ मफी, नो धुआँ! खलास!"

"पहिल्या मजल्यावरच्या आजी रोज बखूर जलाती है," मी म्हटलं. "उनको कभी बोला?"

"वो खिड़की खोलती है, मॅडम."

त्या पहिल्या मजल्यावरच्या बहारिनी आजीही तिथेच उभ्या होत्या. त्या माझ्याजवळ आल्या, माझ्या केसांना नाक लावून त्यांनी वास घेतला, बाळाकडे पाहिलं आणि हसायला लागल्या. त्यांना सगळा उलगडा झाला होता. त्यांनी माझा हात दाबला. त्या दिवशी माझ्या बाजूच्या त्या एकट्याच.

वर आल्यावर लेकीने शांतपणे फर्मान काढलं. ओरडली असती तर बरं झालं असतं. "नो स्मोक. नो लीव्ह्ज. नो ऑइल. आई, आय मीन इट." डॉक्टरीणबाईंनी साधा शॉवर सांगितला आहे, ती साधा शॉवर घेणार. पिशवीतल्या पाल्याला हात लावायचा नाही. मी म्हटलं, धुरीचं चुकलं, कबूल. पण पाण्याने कुठली घंटा वाजते? तर म्हणाली, तू विज्ञान शिकवतेस आणि घरी हे करतेस, मला कळतच नाही. जावई संध्याकाळी आला. त्याने दोघींची बाजू ऐकली आणि बाळाचा डायपर बदलायला निघून गेला. माझा नवरा तर आधीच गॅलरीत जाऊन उभा होता.

दुसऱ्या दिवशी पहिल्या मजल्यावरच्या आजींनी झाकलेला वाडगा पाठवला. लालसर, दाट, तुपात माखलेलं काहीतरी. इथे बाळंतिणीला देतात ते, रशादच्या बियांचं. लेकीने चमचा बुडवला, चाखलं आणि वाडगा चाटूनपुसून संपवला. वर फोनवर शोधून मला वाचून दाखवायला लागली, यात लोह किती, अमुक किती. मी झाकणाला चिकटलेली बी बोटावर घेऊन बघितली. अळीव! आमचं अळीव, दुसरं काही नाही. मी पाच दिवसांपूर्वी वळलेले अळिवाचे लाडू डब्यात तसेच पडून होते, एकाला तिने दाताने टोकरून ठेवून दिलं होतं. मी तो डबा आणून तिच्यासमोर आदळला. "हे काय आहे? तेच आहे!" ती हसली. पहिल्यांदाच हसली. लाडू काही खाल्ला नाही.

मी मागे हटणारी नव्हते. रोज एकदा तरी विषय काढायचा, हा माझा नेम झाला. सकाळी ती अंग मोडत उठायची, कमरेला हात लावायची, की मी म्हणायचे, "बघ." ती म्हणायची, "आई." बस, एवढाच संवाद. कमरेला हात लावून उभं राहायची ती सवय माझी आहे. वर्गात सहा तास मी एक हात कमरेवर ठेवूनच उभी असते. मुलं माझी नक्कल करतात तीसुद्धा तशीच. गेली कित्येक वर्षं वाकून खडू उचलता येत नाही मला.

अकराव्या दिवशी तिने विचारलं, आणि मराठीत विचारलं. "आजीने तुला घातलं होतं का ते पाणी?"

"आजी इथे कुठे होती?" मी म्हटलं. "मला कुणी न्हाऊ घातलं नाही. म्हणून तर ही कंबर अशी झाली."

"बघ ना. तरी यू आर फाइन," ती म्हणाली आणि बाळाला घ्यायला उठली.

मला कुणी न्हाऊ घातलं नाही. हे वाक्य मी अठ्ठावीस वर्षं म्हणत आले आहे. मैत्रिणींना, नवऱ्याला, फिजिओथेरपीवाल्या मुलीला. ते खरं आहे, पण पुरतं खरं नाही.

माझ्या बाळंतपणाला माझी आई येऊ शकली नाही. व्हिसाचं जमलं नाही, घरी गाय व्यायला झालेली. मग तिने गावाकडच्या एका माणसाबरोबर गाठोडं पाठवलं. जुन्या लुगड्याच्या तुकड्यात बांधलेला, सावलीत वाळवलेला निर्गुडीचा पाला. काड्या काढलेल्या, पान पान निवडलेलं. कुंपणाची सगळी निर्गुडी तिने त्यासाठी उतरवली असणार. ते माझ्या हाती पडलं तेव्हा मी पाच दिवसांची बाळंतीण होते. तेव्हा आम्ही मनामामध्ये दुसऱ्या एका कुटुंबाबरोबर एका फ्लॅटमध्ये राहायचो, स्वयंपाकघर सामाईक. मी गाठ सोडली आणि तो वास घरभर झाला. त्या घरच्या बाईने पदराने नाक झाकलं आणि विचारलं, "ये क्या घास मँगवाया है?"

मी सत्तावीस वर्षांची, एमेस्सी झालेली, परदेशात नव्याने संसार मांडलेली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी म्हटलं, सामान फुटू नये म्हणून भरलेला पाला आहे. आणि माझ्या शब्दावर शिक्कामोर्तब करायला ते गाठोडं उचलून, टाके ताणत, मी स्वतः जिना उतरले आणि गल्लीच्या तोंडाशी असलेल्या मोठ्या कचराकुंडीत टाकून आले. लुगड्यासकट.

शुक्रवारी आईचा फोन आला. बाळाचं काही विचारायच्या आधी तिने विचारलं, "न्हायलीस का गो?"

"हो," मी म्हटलं. "रोज."

"कमरेवर घेतलंस ना?"

"हो गं."

"मग आता मला घोर नाही," ती म्हणाली. पुढे सगळ्या आळीला ती सांगत फिरायची की माझी पोर अरबांच्या देशात माझ्या निर्गुडीने न्हायली. ती गेली तीही तेच खरं धरून. तिच्या तोंडावर मी कधी बोलू शकले नाही आणि नंतर बोलायला तोंड उरलं नाही.

म्हणून मला लेकीला न्हाऊ घालायचं होतं. कंबर, रिवाज, विज्ञान, हे सगळं वर वर होतं. आईचं ते पाणी एकदा तरी कुणाच्या तरी अंगावर पडायला हवं होतं. आणि लेक माझीच निघाली. मान वर करून, टाके ताणत, नाही म्हणणारी. तिच्यावर चिडायचा मला काय अधिकार?

तरी चिडले. बाराव्या दिवशी सकाळी मी मोठ्या पातेल्यात पाणी ठेवलं, पिशवीतला पाला त्यात ओतला, झाकण ठेवलं आणि खिडकी सताड उघडली. वास आला तशी लेक स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

"आई, मी नाही म्हटलंय."

"तुझ्यासाठी नाहीये," मी म्हटलं. "माझ्यासाठी आहे. मी बाळंतीण आहे. अठ्ठावीस वर्षं झाली, पण माझं न्हाणं राहिलंय. तुला काही अडचण आहे?"

मी पातेलं उचलायला गेले तर कमरेतून कळ आली. मग लहान भांड्याने चार खेपा करून मी ते काळपट पाणी न्हाणीघरातल्या बादलीत नेलं. दार लोटून प्लास्टिकच्या स्टुलावर बसले तेव्हा लक्षात आलं की विसण नाही. इथे उन्हाळ्यात गच्चीवरची टाकी तापते आणि थंडाच्या नळाला कढत पाणी येतं. थंड पाणी हवं तर गीझर बंद ठेवून त्यातलं घ्यायचं, आणि आमच्या न्हाणीघरातला गीझर नेमका सकाळी कुणीतरी लावून ठेवला होता. समोर उकळतं पाणी, नळालाही कढत पाणी, आणि मी साडी सोडून बसलेली. रडू आलं. मी दार बंद असल्यासारखी मोठ्याने रडले.

दार बंद नव्हतं. लेक आत आली. तिच्या हातात दुसऱ्या बाथरूममधून आणलेलं गार पाण्याचं भांडं होतं. तिने ते बादलीत ओतलं, कोपर बुडवून बघितलं. बाळाचं पाणी मी असंच बघते, तेवढं तिने उचललं होतं.

"कमरेवर ना?" तिने विचारलं.

पुढचं आधीच सांगून टाकते, उगाच कुणाची समजूत व्हायला नको. तिने स्वतः चाळीस दिवसांत एकदाही ते पाणी अंगावर घेतलं नाही. शॉवरच घेतला. मीही रोज विषय काढायचा सोडला नाही. पण त्या सकाळी तिने तांब्या भरला आणि माझ्या कमरेवर सोडला. मग दुसरा, मग तिसरा. त्या पाण्याचा वास, त्याची ऊब, मी दारामागून जे बघत होते ते शेवटी माझ्या अंगावर आलं आणि माझ्या तोंडून "आई गं" निघून गेलं.

"भाजतंय का?"

"नाही." मी पाठमोरी होते म्हणून बोलता आलं. "तुझ्या आजीने पाठवला होता पाला. तुझ्या वेळी. मी कचऱ्यात टाकला. आणि फोनवर तिने विचारलं, न्हायलीस का गो, तर मी हो म्हटलं. रोज न्हाते म्हटलं."

तांब्या थांबला. मला वाटलं, आता ती म्हणणार, बघ, तूसुद्धा. म्हटलं असतं तर मी भांडले असते, त्याची तयारी ठेवली होती. पुन्हा पाणी पडायला लागलं, पहिल्यापेक्षा सावकाश. बादली निम्मी झाली तेव्हा आत बाळ रडायला लागलं. तिने तांब्या माझ्या हातात दिला आणि ती गेली.

उरलेलं मी माझं मीच घेतलं. शेवटचा तांब्यासुद्धा वाया घालवला नाही. पाला हाताने गोळा केला, पिळला, अंग पुसलं, साडी नेसायला घेतली. आतल्या खोलीत बाळ गप्प झालं होतं. मग तिथून लेकीचा आवाज आला. उच्चार तिचाच, जरा अडखळता, पण शब्द तिचे नव्हते.

"आई, न्हायलीस का गो?"

"हो," मी ओरडून सांगितलं. "न्हाले."